कापराचे पळणारे कण पाण्यावर एकमेकांशी कसे वागतात, घरी परातीत करून बघायची पद्धत

स्वतःहून पळणारे कण म्हटलं की लोकांना वाटतं मायक्रोस्कोप पाहिजे, बॅक्टेरिया पाहिजेत, मोठी लॅब पाहिजे. काही नको. देवघरातला कापूर, एक मोठी परात आणि खरोखर स्वच्छ पाणी एवढ्यावर हा विषय बघता येतो आणि मोजताही येतो. कापराचा खडा पाण्यावर टाकला की पळत सुटतो हे बऱ्याच जणांनी शाळेत बघितलेलं असतं पण बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि मला वाटतं खरा विषय तिथून पुढे आहे. दुसरा कण टाका, मग प्लॅस्टिकच्या टिकल्या सोडा, आणि बघत बसा. कण एकमेकांना शिवतही नाहीत तरी एकमेकांमुळे वळतात, थांबतात, वेग बदलतात, कारण जे काही चाललंय ते मधल्या पाण्यामार्फत चाललंय. म्हणून या सगळ्या प्रयोगात कणापेक्षा पाण्याची काळजी जास्त घ्यायची, हे एक डोक्यात ठेवलंत तर बाकीचं जमतं.

आधी थोडक्यात कण पळतो का ते सांगतो, कारण हे माहीत नसेल तर पुढे काय बिघडलं ते कळणार नाही. कापूर पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला साधारण सव्वा ग्रॅम, पण तेवढ्यातलाही अगदी थोडा पाण्याच्या पृष्ठभागावर पसरला तरी तिथला पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची ओढ, उतरतो. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतो. कणाच्या एका बाजूला कापूर जरासा जास्त पसरला की त्या बाजूचा ताण कमी, दुसऱ्या बाजूचा जास्त, आणि कण जास्त ताणाकडे ओढला जातो. एकदा हलला की मागे कापराचा थर राहतो आणि पुढे कोरं पाणी येतं, त्यामुळे तो हलतच राहतो. अगदी गोल वडी असली तरी पळते, सुरुवातीला कुठल्या तरी बाजूला जरासं सरकणं पुरतं. आणि कापूर साबणासारखा पाण्यावर बसून राहत नाही, हवेत उडून जातो, म्हणून पृष्ठभाग पुन्हा पुन्हा कोरा होत राहतो. साबणाची होडी काही सेकंदांत थांबते आणि कापराची बराच वेळ चालते त्याचं कारण एवढंच आहे.

सामान

कापूर दोन प्रकारचा घ्या, भीमसेनीचे खडे आणि आरतीच्या गोल वड्या. भीमसेनीचे तुकडे ओबडधोबड निघतात आणि त्यामुळे सरळ जाण्यापेक्षा गरगर फिरतात, ते बघायला छान पण मोजायला त्रासाचे. वड्या सपाट असतात त्यामुळे त्यांचे तुकडे जरा शिस्तीत पळतात. पण सगळ्या वड्या सारख्या नसतात, काहींत कापराशिवाय दुसरंही मिसळलेलं असतं आणि त्या स्वच्छ पाण्यावरही मंद चालतात, तर आधी दोन-तीन पाकिटांतला एकेक तुकडा टाकून बघा आणि जो चपळ पळेल तोच पुढे वापरा. तुकडा २ ते ३ मिलिमीटरचा ठेवा. मोठा ठेवलात तर पाणी लवकर कापराने भरून जातं, अगदी बारीक ठेवलात तर बघता बघता संपतो.

कापायला ब्लेड घ्या पण नवीन ब्लेडवर तेलाचा हात असतो, तो साबणाने धुऊन घ्या. उचलायला स्टीलचा चिमटा, बोटं अजिबात नाही. चिमट्याचं टोक गॅसवर धरून तापवलं की त्यावरचा तेलकटपणा जळून जातो, फक्त ते पूर्ण गार झाल्यावरच आणि गॅस बंद करून मगच कापराजवळ न्यायचं, कापूर पटकन पेट घेतो हे वेगळं सांगायला नको.

परात स्टीलची, ४० सेंटीमीटरच्या आसपास. डोळ्यांनी बघायला ती एकदम बरोबर आहे, पण व्हिडिओ काढायचा असेल तर चकाकणाऱ्या स्टीलवर पांढरा कापूर दिसत नाही आणि वर तुमच्या मोबाइलचंच प्रतिबिंब येतं. त्यासाठी नवीन काळं प्लॅस्टिकचं घमेलं आणा, सिमेंट कालवायला वापरतात ते, आणि पाण्याचा पृष्ठभाग साधारण तेवढाच रुंद होईल इतकं भरा. वापरलेलं घमेलं नको, कितीही घासलं तरी त्याचा भरवसा नाही.

पॅसिव्ह कण म्हणून, म्हणजे जे स्वतःहून हलत नाहीत असे, स्टेशनरीच्या दुकानातली रंगीत प्लॅस्टिकची फाइल घ्या, पॉलिप्रॉपिलीनची, ती पाण्यापेक्षा हलकी असते. तिला ऑफिसच्या पंचिंग मशीनने भोकं पाडली की ६ मिलिमीटरच्या एकसारख्या टिकल्या मिळतात. मशीनच्या पात्यांना तेल असतं म्हणून टिकल्याही धुवायच्या. थर्माकोलचे दाणे घेऊ नका, ते पाण्यावर इतके उंच तरंगतात की जरा वारा आला की पळतात आणि मग कापराने ढकललं की वाऱ्याने ते कळत नाही.

लहान मुलं घरात असतील तर कापूर त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर विषारी आहे, थोड्या कापरानेही लहान मुलांना आकडी येऊ शकते. मुलांना दाखवायचंय ना, मग त्यांना बघू द्या, मोजू द्या, कापूर मात्र मोठ्यांनी टाकायचा. खिडकी उघडी ठेवा पण पंखा बंद.

पाणी, यावरच सगळं अवलंबून आहे

दहातले नऊ प्रयोग इथे फसतात. कण पळत नाही, लोक म्हणतात कापूर खराब आहे, आणि खरं तर परातीला कालच्या कणकेचा तेलकट हात असतो. किती थोडं तेल पुरतं हे लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८९० सालीच मोजून ठेवलंय. त्याने ८४ सेंटीमीटर व्यासाच्या मोठ्या टबात पाणी भरलं, कापूर टाकला आणि कापूर थांबेपर्यंत ऑलिव्ह तेल वाढवत नेलं. ०.८ मिलिग्रॅमच्या जवळपास तेलात काम झालं. तेवढं तेल टबभर पसरलं तर थराची जाडी साधारण १.६ नॅनोमीटर भरते, म्हणजे जवळपास एका रेणूचा थर. आपल्या ४० सेंटीमीटरच्या परातीला हाच हिशोब लावला तर ०.२ मिलिग्रॅमपेक्षाही कमी तेल. एवढं तर बोटाच्या टोकावर असतंच.

तर परात आधी भांड्याच्या साबणाने घासा, मग कढत पाण्याने विसळा, आणि मग विसळतच राहा, कारण राहिलेला साबणही तेलासारखाच कापराला थांबवतो. मनाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळा विसळा. फडक्याने पुसू नका. पाणी आरओचं चालतं, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. आणि हे स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना करू नका, फोडणीतून उडालेले तेलाचे बारीक थेंब पाण्यावर बसतात आणि कण का मंदावला ते शोधत बसाल.

पाणी भरल्यावर एक जुनी युक्ती करा. कोऱ्या कागदाची परातीच्या रुंदीची पट्टी घ्या, तिची कड पाण्याला टेकवून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सावकाश ओढत न्या आणि पट्टी बाहेर काढून टाकून द्या. पृष्ठभागावर जे काही पसरलेलं असेल ते पट्टीबरोबर गोळा होऊन निघतं. दोन-तीन वेळा, दर वेळी नवीन पट्टी. अशी सरकती पट्टी पाण्यावर वापरून पृष्ठभागाचा अभ्यास करण्याची पद्धत ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी बसवली, ब्राउनश्वाइगमध्ये स्वतःच्या घरी, विद्यापीठाचं शिक्षण नसताना. त्यांनी रॅलेला पत्र लिहिलं आणि त्याने ते १८९१ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आणलं. घरच्या स्वयंपाकघरात खरं विज्ञान होत नाही असं कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

परात सपाट जागी ठेवून अगदी काठोकाठ भरा, पाणी काठावर किंचित फुगून दिसेल इतकं. कारण असं की परात अर्धी असेल तर पाणी कडेला वर चढलेलं असतं आणि तरंगणाऱ्या टिकल्या आपोआप कडेला जाऊन चिकटतात. काठोकाठ भरली की उलटं होतं, टिकल्या कडेपासून लांब राहतात. घमेल्यात हे जमत नाही, तिथे कडेचे दोन-तीन सेंटीमीटर मोजणीतून सोडून द्यायचे.

एक कण, मग दोन

पहिल्यांदा एकच तुकडा टाका, चिमट्याने पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन सोडा, वरून टाकलात तर ओला होऊन बुडू शकतो, कापूर पाण्यापेक्षा जेमतेमच हलका आहे. पाणी स्वच्छ असेल तर सोडल्याबरोबर सुटतो, सेकंदाला काही सेंटीमीटर वेगाने, कडेला पोचला की वळतो. हा कण निदान दोन-तीन मिनिटं चपळ राहिला तरच पुढे जा. सुस्त असेल तर पाणी ओतून पुन्हा धुवा, कितीही कंटाळा आला तरी, कारण या पाण्यात पुढची कुठलीच मोजणी खरी येणार नाही. कण कडेपाशी का वळतो तेही बघून ठेवा, तिथे कापराला पुढे पसरायला जागा नसते, तो साचतो, ताण उतरतो आणि कण मागे फिरतो. म्हणजे एकटा कण असताना सुद्धा तो स्वतःच्याच कापराशी बोलतोय. हेच दोन कणांच्यात होतं.

आता दुसरा टाका, पहिल्यापासून लांब. इथे मोबाइल ठेवा बाजूला, आधी पाच मिनिटं नुसतं डोळ्यांनी बघा. दोन कण एकमेकांच्या दिशेने येत असतात, मधलं अंतर कमी होतं, आणि टेकायच्या आधीच दोघांचा वेग पडतो, मग एक डावीकडे सटकतो एक उजवीकडे, किंवा दोघं उलटे फिरतात. मधल्या पाण्यावर दोघांचाही कापूर साचलेला असतो, तिथला ताण दोन्ही बाहेरच्या बाजूंपेक्षा कमी असतो, म्हणून दोघंही बाहेर ओढले जातात. लांबून बघणाऱ्याला वाटेल यांच्यात ढकलाढकली चाललीय पण ढकलतंय कोणीच नाही, बाहेरचं पाणी ओढतंय.

मग दुसरी भेट बघा, एक कण पुढे चाललाय आणि दुसरा त्याच्या वाटेवर मागून येतोय. मागचा पुढच्याने सोडलेल्या कापरात शिरतो, त्याच्या पुढचं पाणी आधीच उतरलेल्या ताणाचं असतं, त्यामुळे तो मंदावतो नाहीतर बाजूला वळतो. पुढच्याला मात्र मागच्याचा पत्ताही नसतो, त्याच्या समोर कोरं पाणी आहे. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेल्या पोरांना हे बघून अस्वस्थ वाटतं आणि ते वाटायलाच पाहिजे. नियम मोडत नाही, हिशोबात पाणी धरलं की तो बरोबर बसतो, पण फक्त दोन कणांकडे बघितलं तर क्रिया एका बाजूलाच दिसते. मीडियममधून, म्हणजे कणांच्या मधे जे काही आहे त्यातून, चालणाऱ्या देवाणघेवाणीची हीच खूण आहे.

हे अजून ठळक बघायचं असेल तर होड्या करा. त्याच फाइलमधून दीड सेंटीमीटर लांबीच्या टोकदार होड्या कापा, मागे बारीक खाच पाडा आणि कापराचा तुकडा खाचेत असा अडकवा की तो पाण्याला टेकेल. आता पुढे-मागे ठरलेलं आहे, होडी कायम टोकाकडेच जाणार. परातीच्या मध्यभागी एक धुतलेला गोल डबा पाणी भरून ठेवा, म्हणजे कडेने गोल रस्ता तयार होतो, आणि त्यात होड्या सोडा. एक होडी एकसारख्या वेगाने फेऱ्या मारते. मग दोन, तीन, पाच अशा वाढवत न्या. जपानमध्ये सुएमात्सू, नाकाता, आवाझू आणि निशिमोरी यांनी २०१० साली असाच गोल रस्ता करून दाखवलं की होड्या वाढल्या की त्यांच्यात ट्रॅफिक जॅमसारखी गर्दी तयार होते, पुढच्या होडीच्या कापरामुळे मागची मंदावते, तिच्यामुळे तिच्या मागची. घरी करताना एक सांभाळा, सगळ्या होड्या एकाच दिशेने सोडा आणि कापराचे तुकडे शक्यतो सारखे घ्या, नाहीतर एक हळू होडी सगळ्यांना अडवते आणि तुम्हाला वाटेल गर्दी आपोआप झाली.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुनीत परमानंद यांच्या गटाने २०१९ मध्ये कापूर मुरवलेल्या कागदी पट्ट्या पाण्यावर फिरत्या ठेवून बघितलं की शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांचं फिरणं एकमेकांशी जुळतं. पट्ट्यांच्या मधे दुवा कुठलाच नाही, आहे ते पाणी आणि त्यावरचा कापूर.

आता टिकल्या

इथपर्यंत मीडियम म्हणजे नुसतं पाणी होतं. आता त्यात न पळणारे कण घालू. आधी कापूर न टाकता नुसत्या टिकल्या सोडा, तीसेक, पसरून, आणि दहा मिनिटं बघा. काही टिकल्या हळूहळू एकमेकींकडे सरकून चिकटतात, वाटीत शेवटी उरलेले कुरमुरे एकत्र येतात ना तसं, प्रत्येक टिकलीभोवती पाण्याचा पृष्ठभाग जरा वाकलेला असतो त्यामुळे हे होतं. याचा व्हिडिओ काढून ठेवा. ही तुलनेची मोजणी आहे, ती नसेल तर पुढे जे दिसेल त्याचं श्रेय कापराला द्यायचं की वाऱ्याला ते ठरवताच येणार नाही. बरेच जण ही पायरी गाळतात, तुम्ही गाळू नका.

आता कापराचे चार-पाच तुकडे टाका. तुकडा जवळून गेला की टिकल्या त्याच्यापासून लांब ढकलल्या जातात, कारण कापूर पसरताना पृष्ठभागावरचं पाणीही बाहेरच्या बाजूला वाहवत नेतो आणि टिकली त्या पाण्याबरोबर जाते. इथे एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. कापराच्या तुकड्याच्या आजूबाजूला मोकळी जागा राहते आणि ती त्याच्याबरोबर सरकते, पण तो कडेपाशी वळतो तेव्हा ज्या टिकल्या कड आणि तुकडा यांच्यामधे सापडतात त्यांना जायला जागा नसते, त्या एकमेकींवर रेटल्या जातात, आणि तुकडा लांब गेल्यावर सैल होतात. फ्रान्समधल्या लियोंच्या गटाने अशाच कापराच्या कणांवर काम करून २०२१ मध्ये दाखवलं की हे कण पृष्ठभागावरच्या तरंगत्या गोष्टी ढवळतात खऱ्या, पण त्याचबरोबर काही जागी गोळा आणि काही जागी विरळही करतात. त्याच गटाने आदल्या वर्षी विरळ पसरलेल्या कापराच्या कणांचं एकमेकांच्या सापेक्ष फिरणं मोजलं तर त्याची आकडेवारी खवळलेल्या द्रवातल्या प्रवाहासारखी निघाली, आणि तीही इतक्या थोड्या कणांत, हे मला अजूनही थक्क करतं.

टिकल्या दाटीने भरल्या तर काय होतं ते बघायला परात नको, खूप टिकल्या लागतील. २० सेंटीमीटरची ताटली घ्या आणि फाइलचे दीड सेंटीमीटरचे चौकोन कापा. असे ७० चौकोन टाकले की साधारण अर्धा पृष्ठभाग झाकला जातो. मधे एक कापराचा तुकडा सोडा. आता तो मोकळा पळू शकत नाही, त्याला चौकोन सरकवूनच जागा करावी लागते, आणि चौकोन दाटीत असल्यामुळे एक सरकला की पलीकडचाही सरकतो. म्हणजे कापूर न पोचलेल्या जागीही त्याच्या हालचालीची बातमी पोचते. मग दुसरा तुकडा टाका आणि एकाच्या रेट्याने दुसऱ्याच्या भोवतीचे चौकोन हलतात का ते शोधा. फक्त हे पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच बघा. चौकोनांनी झाकल्यामुळे कापराला हवेत उडून जायला जागा कमी मिळते, तो पाण्यावर साचतो, आणि नंतर जो मंदपणा येतो तो गर्दीचा की साचलेल्या कापराचा हे वेगळं करता येत नाही. परत बघायचं तर पाणी बदला.

असा रेट्यामार्फत चालणारा व्यवहार कोरड्यात सगळ्यात सुंदर दाखवलाय तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने. नितीन कुमार, हर्ष सोनी, श्रीराम रामस्वामी आणि अजय सूद यांनी २०१४ मध्ये पितळेच्या ४.५ मिलिमीटर लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या काड्या ॲल्युमिनियमच्या ०.८ मिलिमीटरच्या मण्यांमधे ठेवल्या आणि खालचा पत्रा सेकंदाला २०० वेळा हलवला. काड्या निमुळत्या असल्यामुळे एका दिशेने चालायला लागतात, मणी नुसते थरथरतात. मणी पुरेसे असले तर अगदी विरळ, एकमेकींपासून लांब असलेल्या काड्याही एका दिशेने थव्यासारख्या चालायला लागल्या, कारण चालणारी काडी मणी ओढत नेते आणि ते मणी दुसऱ्या काडीला वळवतात. नंतर २०२२ मध्ये त्याच संस्थेच्या कामात दिसलं की दाट मण्यांच्या लवचीक थरात काड्या एकमेकींकडे वळतात, एक दुसरीचा पाठलागही करते. आपल्या कापरात सगळे एकमेकांपासून पळतात आणि तिथे एकमेकांकडे जातात. कण तोच प्रकारचा, स्वतःहून चालणारा, पण मीडियम बदललं की नातं उलटं होतं. मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

मोजायचं कसं

मोबाइल दोन स्टुलांवर आडवी पट्टी ठेवून बरोबर वरून लावा, लाइट बाजूने, आणि साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ पुरतो. कण सेकंदाला ६ सेंटीमीटर पळत असेल तर दोन फ्रेममधे २ मिलिमीटर, ओळख चुकत नाही. फ्रेममधे एक स्केल ठेवा, पाण्यात नाही, कडेला. मग कॉम्प्युटरवर ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात कणावर क्लिक करत गेलं की त्याची जागा आणि वेळ टेबलमधे येते आणि पुढचं सगळं एक्सेलमधे होतं.

दोन आकडे काढा, जास्त नको. पहिला, प्रत्येक कापराच्या कणाचा सगळ्यात जवळचा शेजारी किती लांब आहे त्याची सरासरी. कण एकमेकांची दखलच घेत नसतील, कुठेही कसेही असतील, तर ही सरासरी किती यायला पाहिजे ते आधीच काढता येतं, एका चौरस सेंटीमीटरला किती कण आहेत त्याचं वर्गमूळ घ्या आणि अर्ध्याला त्याने भागा. ४० सेंटीमीटरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ १२५७ चौरस सेंटीमीटर, त्यात १० कण असतील तर उत्तर ५.६ सेंटीमीटर येतं. कड असल्यामुळे प्रत्यक्षात हे थोडं वाढतं, म्हणून अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तर लगेच निष्कर्ष काढू नका. पण व्हिडिओतल्या एकमेकांपासून लांब घेतलेल्या बऱ्याच फ्रेमवर सरासरी ठळकपणे जास्त आली तर कण एकमेकांना लांब ठेवतायत. लागोपाठच्या फ्रेम घेऊ नका, त्यात कण जवळपास तिथेच असतात आणि तीच माहिती परत परत मोजली जाते.

दुसरा आकडा टिकलीचा. एक टिकली निवडा आणि ती १ सेकंदात किती लांब गेली, २ सेकंदांत किती, ४ मधे, ८ मधे हे बऱ्याच ठिकाणांपासून मोजून सरासरी काढा. वेळ दुप्पट केल्यावर अंतरही दुप्पट होत असेल तर टिकली त्या काळात सरळ वाहवत चाललीय. अंतर साधारण १.४ पट होत असेल तर ती दिशा विसरलीय, भरकटतेय. अर्थात टिकली परातभर फिरून झाली की अंतर वाढायचं थांबतं, तो आकडा टाकून द्यायचा. वू आणि लिबशेबर यांनी २००० साली साबणाच्या पातळ पडद्यात ई. कोलाय बॅक्टेरियांमधे मायक्रॉनच्या मापाचे प्लॅस्टिकचे मणी सोडून हेच मोजलं होतं, थोड्या वेळाच्या मोजणीत मणी नेहमीच्या भरकटण्यापेक्षा झपाट्याने लांब जात होते आणि जास्त वेळ बघितलं तर साधं भरकटणं, फक्त बॅक्टेरियांशिवाय असतं त्याच्या कितीतरी पट जोरात. तुमच्या टिकलीचा हा बदल किती सेकंदांवर होतो ते काढा आणि कापराचे कण २ वरून ८ केल्यावर तो कुठे सरकतो ते बघा. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढा एक आलेख नीट काढला तरी पुष्कळ झालं.

मोजताना कापूर साचण्यावर लक्ष ठेवा. वेगाचा आलेख वेळेबरोबर खाली यायला लागला की त्याच्या पुढची मोजणी वेगळी ठेवा. पूर्ण साचलं की कण जवळपास थांबतात आणि मग टिकल्यांसारखेच एकमेकांकडे सरकून चिकटायला लागतात, कारण पळवणारा ताणातला फरक संपला आणि वाकलेल्या पृष्ठभागाची ओढ उरली, ती आधीही होती फक्त दिसत नव्हती. घमेल्यावर काच झाकून हे मुद्दाम करून बघा (काठोकाठ भरलेल्या परातीत काच पाण्याला टेकेल), कापूर उडून जायला वाट राहत नाही आणि कण मंदावत जातात. काच काढा, हवा लागू द्या, आणि पुन्हा वेग येतो का बघा.

तेलाची चाचणी सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर ते पाणी कामाचं राहत नाही. सुईचं टोक गोडेतेलात बुडवून कागदावर पुसून घ्या, पुसल्यावर जे राहील तेवढंच, आणि ते टोक पळत्या कणांपासून लांब पाण्याला टेकवा. व्हिडिओ चालू ठेवा म्हणजे कुठला कण आधी थांबला आणि कुठला शेवटी ते अंतराप्रमाणे लावता येईल. नंतर परात साबण लावून दोनदा धुवा, टिकल्या गरम पाण्यातून काढून कोरड्या कागदावर वाळवून काचेच्या बरणीत भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि उरलेला कापूर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून द्या, उघडा राहिला तर तो आपोआपच उडून संपतो.